स्पेक्ट्रमला अजून वीज देऊ नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. फोटो मिळाले. जुन्या बाजारातून तू उचललेलं ते काळं खोकं म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस, ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. डाव्या कडेला रिसेटचं बटण असेल बघ. त्यावर कुठे ‘डीबी’ अशी अक्षरं असतील, तर तो डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन आपल्याकडे काढलेला. माझ्या पहिल्या मशीनवर हीच अक्षरं होती, म्हणून पत्र जरा लांबेल.

घरातला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून बघू का, असं विचारलंस. अजिबात नको. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत मधे धन आणि बाहेर ऋण असतं. स्पेक्ट्रमला बरोबर उलटं लागतं. मी एकदा घाईत चुकीचा लावला आणि महिनाभर हळहळत बसलो. आतल्या खालच्या १६ केबी मेमरीच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. त्यातलं उणे ५ गेलं की चिपा पटापट मरतात. म्हणून आधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं. आणि स्क्रू काढलेस तर वरचं झाकण हिसका देऊन उचलू नकोस. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या खाली बोर्डात खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्यांचं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं.

‘तुमचा काळ भारी होता’ असं लिहिलंस. काळाचं राहू दे, वाट पाहणं मात्र भारी होतं! ४८ केबीचा गेम कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटं लागायची. टेपरेकॉर्डर किंचाळत असायचा, टीव्हीच्या कडेला पट्टे धावायचे, आणि अगदी शेवटी ‘टेप लोडिंग एरर’. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने टेपचं हेड इकडेतिकडे करायचं नि पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्याच्या आठवणीने मी आज गहिवरतो, पण तेव्हा शिव्याच दिल्या होत्या.

क्लाइव्ह सिंक्लेअरने १९८२ साली स्पेक्ट्रम आणला, १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ला. स्वस्त ठेवायचं म्हणजे प्रत्येक बाइट मोजायची. चित्राला ६१४४ बाइट, रंगांना फक्त ७६८. म्हणून ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात, आणि हिरवा राक्षस लाल भिंतीजवळ गेला की भिंतही हिरवी पडते. लोक याला दोष म्हणतात. मला त्यात प्रोग्रामरची हुशारी दिसते: चांगल्या गेममध्ये पात्रं कुठून चालतील हेच असं आखलेलं असायचं की रंग एकमेकांत घुसूच नयेत. तू चित्रं काढतेस ना? वहीत ३२ बाय २४ चौकोन आखून एक चित्र याच नियमाने काढून बघ. मशीन सुरू व्हायच्या आधी हे जमेल.

कंपनीचं पुढे फार बरं झालं नाही. १९८६ साली सिंक्लेअरचे संगणक आणि ते नाव अॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना घेतलं. ती गोष्ट तू वाचशीलच.

सुरू झालंच, तर ‘लोड’ हा शब्द अक्षर-अक्षर टाइप करायला जाऊ नकोस. इथे एका कळीला अख्खा शब्द उमटतो. पहिलंच ‘एल’ दाबलंस की पडद्यावर ‘लेट’ उमटेल; लोडसाठी ‘जे’ ही एकच कळ दाबायची. टेपरेकॉर्डर शोधत हिंडायची गरज नाही, फोनच्या हेडफोनच्या भोकातून वायर मशीनच्या ‘इअर’ लिहिलेल्या भोकात घाल आणि आवाज जवळजवळ पूर्ण ठेव. फक्त फोन विमान मोडवर टाक. लोड होताना कुणाचा मेसेज टिंग करून आला तर पाच मिनिटं पाण्यात!

रविवारी दुपारी ये. मल्टिमीटर मी काढून ठेवतो, झाकण आपण दोघं मिळून उघडू.

तुझा,
काका