आर-चॉपच्या नावांचा गोंधळ

ताई, मिरजेत बाबांचं आर-चॉप (लिम्फोमा या कॅन्सरवरची पाच औषधांची केमो, प्रत्येक औषधाला एक अक्षर) सुरू होतंय, तर सगळं पाठ करत बसू नका. रिटुक्सिमॅब आणि सायक्लोफॉस्फामाइड सहसा चुकत नाहीत. चुकतात ही:

- एच म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ते लाल इंजेक्शन. डॉनोरुबिसिन वेगळं. खोक्यावर 'लायपोसोमल' दिसलं तर थांबून डॉक्टरांना विचारा, साध्या आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा डोस सारखा नसतो.
- ओ म्हणजे विनक्रिस्टिन, बहुधा जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. विनब्लास्टिन वेगळं, ते एबीव्हीडी या दुसऱ्या केमोतलं.
- पी म्हणजे प्रेडनिसोलोन. गोळ्या ५ दिवस, सकाळी खाऊन. सलाईन उतरलं की काम झालं समजून सांगलीला परततात आणि नेमक्या याच राहतात!

ब्रँड दर फेरीला बदलू शकतो; वहीत मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा, खोकं उघडण्याआधी नर्सबरोबर ताडून बघा.