‘मी फक्त जागा दिली’ हे कुठपर्यंत टिकतं?

नागावला सुपारीच्या वाडीत तुमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. दर शनिवारी गावातला एक मुलगा प्रोजेक्टर आणतो, दोन पोफळींमध्ये पांढरं कापड ताणतो आणि पाहुणे चटयांवर बसून सिनेमा बघतात. मुलाला तुम्ही दीड हजार देता. पाहुण्यांच्या भाड्यात ‘ओपन एअर सिनेमा’ धरलेला असतो. आता निर्मात्याच्या वकिलाची नोटीस आली आहे आणि तुम्ही विचारता, ‘सिनेमा मी दाखवत नाही, फक्त जागा दिली, मग माझ्यावर कसं येतं?’ किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांचा हा प्रश्न आला की मी आधी एकच विचारते: नोटीस हातात कधी पडली?

ओटीटीचं घरगुती सबस्क्रिप्शन पाहुण्यांसाठी नसतं, हे पुन्हा उगाळत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ याचं कलम ५१ जागा देणाऱ्याबद्दल स्पष्ट बोलतं. नफ्यासाठी जागा वापरू दिली आणि तिथे परवानगीविना सिनेमा लोकांना दाखवला गेला, तर जागा देणाराही उल्लंघन करतो. सुटायला वाट एकच: हे उल्लंघन आहे याची त्याला जाणीव नव्हती आणि तसं वाटायला वाजवी कारणही नव्हतं. सिनेमा भाड्यात धरलात, तिथे नफा आला. उरली जाणीव. नोटिशीआधीच्या खेळांबद्दल ती नव्हती असं निदान मांडून बघता येईल. नोटिशीनंतर ते दार बंद.

पोचपावतीवर तुमच्या राखणदाराची सही आहे. पाकीट आठ दिवस विजेच्या बिलांखाली पडून होतं. तेवढंही निभावलं असतं. पण गुरुवारी पाकीट उघडल्यावर तुम्ही त्या मुलाला मेसेज केलात: ‘नोटीस आलीये, पण शनिवारचं बुकिंग फुल आहे, एवढा एक करून टाक.’ तो वाचून मला राग आला. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणं एरवी समोरच्याला जड जातं. तुम्ही ते एका ओळीत लिहून दिलंत. आणि दीड हजारासाठी राबणाऱ्या त्या पोरालाही सोबत ओढलंत.

तो मेसेज पुसू नका. तो मुलाच्या फोनमध्येही आहे, आणि पुरावा नष्ट केल्याचं वेगळं लचांड मागे लागेल. मुलाबरोबर मागच्या तारखेचा करार करू का, असं विचारलंत. अजिबात नको. खेळ आजपासून बंद, फाटकावरचा बोर्ड खाली, बुकिंगच्या जाहिरातीतली ओळ काढा. उत्तरात खेळ कोणत्या तारखेला बंद केला ते लिहा, झालेल्या खेळांबद्दल तडजोडीची तयारी दाखवा. ‘आम्हाला काहीच माहीत नव्हतं’ हे वाक्य मात्र नको. मुलाला स्वतंत्र वकील बघायला सांगा, तुमचं आणि त्याचं हित एक राहीलच असं नाही.

‘कोर्टात दहा वर्षं जातील’ या भरवशावर बसू नका. तारखांना मीही विटले आहे. पण तात्पुरत्या मनाईचा अर्ज दहा वर्षं थांबत नाही. शिवाय कलम ६२ प्रमाणे निर्माता स्वतःच्या ठिकाणी दावा लावू शकतो, म्हणजे मुंबईच्या खेपा तुमच्या नशिबी.

पुढे रीतसर सुरू करायचं असेल तर त्या त्या चित्रपटाच्या हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल. पीपीएल, म्हणजे फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड या संस्थेचं लायसन्स ध्वनिमुद्रित गाण्यांपुरतं असतं, सिनेमाला ते चालत नाही. प्रदर्शनाला साठ वर्षं उलटून गेलेल्या चित्रपटांचा मार्ग मोकळा असू शकतो, पण गाण्यांचे हक्क वेगळे तपासावे लागतील. सिनेमा परवान्याचं तुमच्या बाबतीत काय, ते कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर तर बंदच.

नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. उद्या सकाळीच अलिबागला वकिलाकडे जा आणि पाकीट सोबत न्या, टपालाच्या शिक्क्यासकट.