ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू विकताना

पहिले चार-पाच दिवस बोली आली नाही म्हणून लिस्टिंग (साइटवर टाकलेली विक्रीची जाहिरात) काढून टाकू नका, खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते, बरेच जण मुद्दाम शेवटच्या सेकंदाला बोली लावतात. पण म्हणून सुरुवातीची किंमत अगदीच नगण्य ठेवायची नाही हां, एकच बोली आली तर तेवढ्यातच वस्तू द्यावी लागते आणि मग फार जिवाला लागतं. ज्याच्याखाली विकायचंच नाही तीच किंमत टाका सरळ.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते जिंकून पैसे न देणारे. ईबे या लिलावाच्या साइटवर तर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल निगेटिव्ह फीडबॅक देताच येत नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. तिथे चार दिवसांत पैसे आले नाहीत तर ऑर्डर कॅन्सल करा, कारण 'पैसे दिले नाहीत' हेच निवडा, म्हणजे फी अंगावर पडत नाही.

ईबेवर कमिशन शिपिंग धरून एकूण रकमेवर कापतात, नुसत्या बोलीवर नाही, म्हणून वजन खोका, बबल रॅप, टेप सगळ्यासकट करा आणि मगच शिपिंग ठरवा.

आणि फोटो! कॅमेरा विकताय तर लेन्सवरचा ओरखडा, बॅटरीच्या झाकणाची सैल झालेली खिटी, सगळं जवळून उजेडात दाखवा आणि वर्णनातही लिहा, नाहीतर 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून वस्तू परत येते आणि परतीचा खर्चही बहुतेक तुमच्याच माथी. पॅक करतानाचा व्हिडिओ आणि ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा.