मिथेन खाणारे जीव आणि चौथीतली मुलगी

जर्मनीत समुद्रतळाच्या गाळातल्या मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी करायची संधी आहे, मुलाखतीचं बोलावणं आलंय, मुलगा सहा वर्षांचा आहे, नवरा मागाहून येईल, तर जाऊ का, असं तू विचारलंस. वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. मी वयानं मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

व्हिसा, एपीएस (म्हणजे आपल्या पदव्यांची पडताळणी), आरोग्य विमा हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे. त्यात मी शिरत नाही.

मुलाखतीत तूही प्रश्न विचार. सगळ्यात आधी हा : कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले हे जीव, आधीपासून चालू आहे का? 2000 साली अँत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी ऑरेगॉनजवळच्या समुद्रतळातून दाखवून दिलं की आर्किया (जिवाणूंहून वेगळे एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू एकमेकांना चिकटून गुच्छ करतात आणि ऑक्सिजनशिवाय मिथेन संपवतात. तो पेपर वाचूनच मी या विषयात आले. पण त्या प्रक्रियेतून ऊर्जा इतकी थोडी मिळते की हे गुच्छ दुप्पट व्हायला महिने लागतात. गाळ आणून शून्यापासून वाढवायला घेतलंस तर तीन वर्षांचा करार संपेल आणि हातात जेमतेम काही बाटल्या असतील. चालू कल्चर असेल तरच हो म्हण. हे मी अगदी ठामपणे सांगते.

मग विचार की पैसे नोकरीच्या करारावर आहेत की स्टायपेंडवर, म्हणजे नुसत्या विद्यावेतनावर. करारात पेन्शन आणि बेकारी विम्याचे हप्ते भरले जातात, स्टायपेंडवर ते नसतात. पगार बहुतेक ठिकाणी ई-13 या सरकारी वेतनश्रेणीच्या 65 टक्के किंवा त्याच्या आसपास असतो; काम मात्र पूर्ण वेळेचं धरून चाल. करार संपला आणि प्रबंध राहिला तर पुढच्या महिन्यांचे पैसे कुठून येतात, हे प्राध्यापकांना विचारू नकोस, तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचार.

आता जहाजाचं, म्हणजे गाळाचे नमुने आणायच्या समुद्रमोहिमेचं. माझ्या मोहिमेचं जहाज नामिबियाच्या वॉल्व्हिस बे बंदरातून सुटणार होतं. याच किनाऱ्याच्या गाळात नुसत्या डोळ्यांना दिसणारा थायोमार्गारिटा हा जिवाणू सापडला, 1999 साली त्यावर पेपर आला. मी दोन वर्षं त्या मोहिमेची वाट पाहत होते. रेसिडेन्स परमिट संपत आलं होतं, अर्ज वेळेत दिला होता, पण कार्ड येईना. मधल्या काळासाठी एक कागद देतात, ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’. निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं धरायचं, एवढाच त्याचा अर्थ. तो कागद दाखवून जर्मनीत परत येता येईल, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. विमानात चढू देतील याची खात्री कुणी देईना. शेवटी यादीतून माझं नाव काढलं. अकरा आठवड्यांनी कार्ड आलं, तेव्हा जहाज परतलं होतं.

माझे कोअर, म्हणजे समुद्रतळातून काढलेले गाळाचे उभे नमुने, एका सहकाऱ्यानं घेतले. छिद्रजलातला (गाळाच्या कणांमधल्या पाण्यातला) सल्फाइड झिंक ॲसिटेटमध्ये लगेच बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो उडून जातो किंवा त्याचं ऑक्सिडीकरण होतं. नमुने घेण्याच्या दोन ठिकाणी ते राहून गेलं. त्याच्यावर आधीच चार जणांचं काम होतं, त्याला मी दोष देत नाही. पण माझ्या प्रबंधातल्या त्या आलेखात दोन जागा रिकाम्या आहेत आणि आजही ते पान उघडलं की घशाशी येतं. तेव्हा परमिटची मुदत आणि मोहिमेची तारीख पहिल्याच दिवशी एकाच कॅलेंडरवर मांड.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. दुसऱ्या हिवाळ्यानंतर सवय होते.

मुलाच्या शाळेचं तू एका ओळीत विचारलंस, खरं तर मी लिहायला बसले ती त्यासाठीच. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर शाळांच्या वाटा फुटतात, आणि मूल गिम्नाझियुमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत) जावं की दुसऱ्या शाळेत, याची शिफारस वर्गशिक्षिका करते. माझी मुलगी आली तेव्हा सात वर्षांची होती. गणितात वर्गात पुढे, जर्मनमध्ये अडखळायची. भाषेमुळे तिची शिफारस खालच्या शाळेची झाली. त्यावर बोलायला शिक्षिकेनं मला बोलावलं होतं. त्या दिवशी माझं इन्क्युबेशन, म्हणजे बाटल्यांमधला प्रयोग, चालू होतं, दर सहा तासांनी नमुना. मी गेले नाही. घरी आलेल्या कागदावर सही करून दिली. बऱ्याच राज्यांत ही शिफारस बंधनकारक नसते, शेवटचा निर्णय पालकांचा असतो. आमच्याही राज्यात तसंच होतं. मला ते दीड वर्षानं कळलं.

मुलगी लांबच्या वाटेनं का होईना, अबिटूरपर्यंत, म्हणजे विद्यापीठात प्रवेश देणाऱ्या शालान्त परीक्षेपर्यंत, पोचली. ती मला कधी काही बोलली नाही. एकदा फक्त विचारलं, ‘आई, तू तेव्हा शाळेत आली होतीस का?’

तू मुलाखतीला जा. विषय फार सुंदर आहे, आणि तुझ्या पत्रावरून तुला तो मनापासून हवा आहे असं दिसतं. पण शाळेतून बोलावणं येईल त्या दिवसाचा नमुना दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग. माझ्या शेजारच्याच टेबलावर एक मुलगा काम करायचा. ‘दुपारी बाराचा तेवढा तू घे’ एवढंच मला त्याला म्हणायचं होतं.