रेडॉक्स बॅलन्स: समतोल म्हणू नका, तोल म्हणा

प्रश्न असा आलाय की पेशीत प्रथिनांची घडी नीट बसायला जो रेडॉक्स बॅलन्स (इलेक्ट्रॉन जाणं म्हणजे ऑक्सिडीकरण आणि मिळणं म्हणजे क्षपण, या दोन्हींचा मेळ) लागतो त्याला 'रेडॉक्स समतोल' म्हणायचं का, आणि इलेक्ट्रॉन मिळतात त्या क्रियेला 'क्षपण' म्हणजे घट कशी काय.

क्षपणाचं आधी सांगतो. खनिजातून धातू काढताना त्यातला ऑक्सिजन जातो, वजन घटतं, तिथून ही घटीची कल्पना आली. इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे तो आला की प्रभार खालीच जातो, म्हणजे आजही अर्थ जुळतो. दहावीच्या पुस्तकात रुळलेला शब्द आहे, राहू दे. फोल्डिंगसाठी 'घडी' तर मला फारच आवडते, साडीची असो की संसाराची, ती बसते आणि विस्कटतेही. काही जण 'वलन' लिहितात पण ते वाचलं की मला वली पर्वतच दिसतात.

माझी अडचण 'समतोल'शी आहे. समतोल म्हटलं की दोन्ही पारडी सारखी, आणि पेशीत तसं नसतंच! पेशीद्रव्यात क्षपित ग्लुटाथायोन (इलेक्ट्रॉन पुरवणारा एक छोटा रेणू) ऑक्सिडीकृतच्या साधारण ३० ते १०० पट, आणि आंतर्द्रव्यजालिकेत (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं) जेमतेम १ ते ३ पट, कारण पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांना, उदाहरणार्थ इन्सुलिनला, तिथे सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकांचे टाके घालायचे असतात आणि त्यासाठी इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, ते पीडीआय नावाचं प्रथिन घेतं, मग त्याच्याकडून ईआरओ१ नावाचं दुसरं प्रथिन आणि शेवटी ऑक्सिजन. (पार्लरमध्ये केस कुरळे करताना हेच टाके आधी उसवतात आणि मग नव्या जागी घालतात.)

पण नुसतं ऑक्सिडीकरण करत सुटलं तर चुकीचे टाके पक्के होतात. रायबोन्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या प्रथिनात ८ सिस्टीन, त्यांच्या ४ जोड्या लावायच्या १०५ तऱ्हा, त्यातली बरोबर एकच. अ‍ॅनफिन्सन यांनी, ज्यांना १९७२ चं नोबेल मिळालं, असं चुकीचं जुळलेलं प्रथिन घेऊन त्यात क्षपणकाचा (इलेक्ट्रॉन देणाऱ्या रसायनाचा) अगदी थोडा अंश टाकला, तर टाके उसवत-जुळत ते आपोआप मूळ घडीत आलं. म्हणजे जालिकेतही उसवायला थोडं क्षपण हवंच.

म्हणून मी 'रेडॉक्स तोल' म्हणेन. डोंबारी दोरीवर तोल सांभाळतो तेव्हा क्षणोक्षणी इकडेतिकडे झुकतच असतो. शिवाय क्रियापदं आयती मिळतात: जालिकेतला रेडॉक्स तोल ढळला आणि प्रथिनांची घडी विस्कटली.