तापला की बंद पडणारा कटर

प्रश्न : मिस्त्रीकाका, दोन वर्षांपूर्वी एका लाकूड ठेकेदाराकडून ४,५०० रुपयांना जुना चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचा कटर, घेतला. बार (चेन फिरते ते पातं) १८ इंची. बांधावरची सुबाभूळ, निलगिरी, पावसात आडवी झालेली झाडं, एवढंच काम. वर्षातून आठ-दहा दिवस. थंड असताना पहिल्या दोरीला चालू होतो, वीस मिनिटांनी तापला की बंद. मग अर्धा तास हात लावू देत नाही. पुढचा हँडगार्ड तुटलाय, पण त्यानं काही अडत नाही. मेकॅनिक म्हणतो ब्लॉक-पिस्टन बदला, ३,८०० रुपये. बिननावाचा नवा कटर ९,००० ला मिळतोय. काय करू?
– एक शेतकरी, गगनबावडा तालुका

उत्तर : पाव्हणं, गार्डशिवाय अडत नाही म्हणता, ते आधी डोक्यातून काढा. तो गार्ड म्हणजे चेनब्रेकचा दांडा. बारचं टोक फांदीला टेकलं की मशीन उसळून थेट तोंडाकडं येतं. तेव्हा मनगट गार्डवर आदळतं आणि आतली पट्टी क्लचचा ड्रम आवळून चेन जागच्या जागी थांबवते. गार्ड नाही तर ब्रेक नाही. इंजिनाचं काहीही ठरो, गार्ड बसेपर्यंत हा कटर खुंटीला.

आता इंजिन. मेकॅनिकनं सायलेन्सर खोलून बघितला का, हे तुम्ही लिहिलं नाही. न बघता ब्लॉक-पिस्टन सांगितला असेल तर पैसे देऊ नका. तापल्यावर बंद पडायची साधी कारणंही असतात. बंद पडला की टाकीचं झाकण हळूच सैल करा, तोंड बाजूला, जवळ विडी नको. सुस्स करून हवा आत गेली आणि मशीन लगेच चालू झालं, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घ्यायचं भोक, चोंदलाय. ते काम फुकटात होतं. तसं नसेल तर ठिणगी बघा. इंजिनातला प्लग तिथंच राहू दे, वायर काढून दुसरा प्लग टोपीत घाला, ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. गरम असताना ठिणगी नाही, गार झाल्यावर आहे, म्हणजे कॉइल गेली.

ठिणगी दोन्ही वेळेला नीट असली तर मग सायलेन्सर. मशीन गार होऊ द्या, बोल्ट काढले की भोकातून पिस्टनची बाजू दिसते. गुळगुळीत असेल तर ३,८०० वाचले. कार्बोरेटरचं किट, पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर बदलून बघा. उभे ओरखडे असतील तर पिस्टन भाजलाय. तरी इंजिनाचा दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावूनच घ्या : थंड इंजिन, रेस पूर्ण दाबून चार-पाच दोऱ्या. १२० पीएसआयच्या वर असेल तर इंजिनात जीव आहे. १०० च्या खाली असेल तर दुरुस्तीचा खरा खर्च तिथून सुरू होतो.

खरा खर्च म्हणतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. एका गिऱ्हाइकाला ओरखडे बघून नवा ब्लॉक-पिस्टन टाकून दिला. आठव्या दिवशी तोच कटर परत, नवा पिस्टन जाम. कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधलं रबर चिरलं होतं, तिथून जादा हवा शिरत होती. असल्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, मग भाजणारच. रबर दीडशेचं, मजुरी मी परत केली. त्यामुळं तुमच्या मेकॅनिकला एकच विचारा : पिस्टन कशानं गेला? क्रँकच्या सील आणि ते रबर तपासलं का? उत्तर गोलगोल आलं तर मशीन उचलून घरी आणा.

आणखी एक संशय मला पेट्रोलचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडं करायची! इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तुमच्याकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. वर्षात दहाच दिवस चालणाऱ्या मशीनच्या टाकीत ते महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) ताठतो, नळ्या चिरतात. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, मापानं. बाटलीच्या बुचानं नको.

बिननावाचा नवा मी घेणार नाही. उद्या त्याचा गार्ड तुटला तर तो कुठं मिळणार? ठेकेदार दमलेलंच मशीन विकतो, हे धरूनही सांगतो : पिस्टन चांगला असेल तर दुरुस्त करा. ओरखडे असतील आणि सील, रबर, गार्ड धरून खर्च नावाच्या कंपनीच्या नव्या कटरच्या निम्म्यावर गेला तर सोडून द्या. वर्षातल्या त्या आठ-दहा दिवसांना मशीनवाला माणूस रोजानं बोलवा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणं झालं तर मशीन घेऊन या. प्लग पुसू नका, त्याचा रंग मला बघायचाय.