वाडा पाहिलास, आता सावद्याला जा

प्रिय पोरी,

जुन्या जळगावातल्या बहिणाबाईंच्या चौधरी वाड्यातून आलीस आणि विचारलंस, "काका, मला तिथं काहीच वाटलं नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

कमी कसली! तू तिथं लिहिण्याची जागा शोधत होतीस. ती सापडणार कुठून? बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जातं, चूल, शेताची वाट, जिथं हात कामात असतील तिथं त्यांचं गाणं व्हायचं. त्या घरात कागद घेऊन बसले ते सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ. आई म्हणायची, हे उतरवून घ्यायचे. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ते कागद नसते, तर आसोद्याची ही लेक गल्लीबाहेर कुणाला कळली असती? आज विद्यापीठाला तिचं नाव आहे.

म्हणून म्हणतो, आधी लिहून घे.

तुझी यादी पाहिली. मालगुंडला केशवसुतांचं घर, मग नाशिकला कुसुमाग्रजांचं. जा की, नको कोण म्हणतंय. मीही तरुणपणी हेच केलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवायला होते, म्हणून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाभोवती फिरलो. ५ मे १९१८ ला बालकवी गाडीखाली गेले, म्हणून भादली स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. सत्तावीस वर्षांचं वय त्यांचं. एक पॅसेंजर धडधडत गेली आणि मला रडू आलं.

संध्याकाळी घरी येऊन हे सगळं आजीला सांगत होतो. ती उडीद भरडत होती. मधेच तिनं एक ओवी धरली. मी थांबलो, पण कशासाठी? तिची ओवी संपावी आणि मला पुढचं सांगता यावं, यासाठी!

नोकरी होती, पाळ्या होत्या, घरात माणसं होती. आणि तेव्हा टेप घरोघरी कुठं होते? (शेजाऱ्यांकडे होता. लग्नकार्याला आम्हीच मागून आणायचो.) १९८३ साली आजी गेली. माझ्याकडे भादलीच्या तिकिटाचा तुकडा आहे, तिची एक ओळ नाही.

तुझी आजी सावद्याला अजून हिंडती-फिरती आहे, तुझ्या खिशात मोबाइल आहे, आणि तू मला विचारतेस मी कुठं जाऊ! राग येतो, खरं सांगतो.

"आजी, गाणं म्हण" असं म्हणू नकोस, लाजेल. शेंगा फोडायला बस तिच्याजवळ. तास जाईल, दोन जातील, जाऊ दे. आणि ती केळीला 'केयी' म्हणाली, डोळ्याला 'डोया' म्हणाली, तर तसंच लिही. शुद्ध करायला गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस. अर्थ नंतर लाव, चांगलं-वाईट नंतर ठरव. आधी लिहून घे.

आणि एक काम कर माझं. आजीची एक ओवी मला अर्धी आठवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला येतो, दारात दमणी थांबते, बैलांच्या घुंगरांपर्यंत येते, पुढची ओळ लागत नाही. तुझ्या आजीला विचार, तिला येत असेल.

तुझा,
काका